डोळे आत येऊ द्या

आमच्या बोळात लेले नावाचा माणूस राहतो. त्याच्याकडे काम असेल तर हाताशी पाच-दहा मिनिटं जास्तीची ठेवून जा. उंबरठा ओलांडलात की तो हात आडवा करतो आणि म्हणतो, "थांबा. पाय आत आले, डोळे अजून बाहेरच आहेत. डोळे आत येऊ द्या."

मग तुम्ही दाराशी उभे. खोलीत अंधार, कारण खिडकीला त्याने खाकी कागद चिकटवलेला. लेले एक डोळा घड्याळावर ठेवतो आणि तेवढ्या वेळात तुम्हाला एका वायूची गोष्ट सांगतो. वायूचं नाव नायट्रिक ऑक्साइड. हे नाव माझ्या तोंडात बसायला दोन वर्षं गेली आणि आता जाता जात नाही.

यातून कोणी सुटत नाही. पोस्टमन रजिस्टर पत्र हातात धरून उभा राहतो. एकदा गॅसवाला भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन आत शिरला, तर त्यालाही थांबवलं. तो म्हणाला, "मास्तर, डोळं कवाच आलं, आता खांदा चाललाय." लेले म्हणाला, "सिलिंडर खाली ठेवा, पण तुम्ही उभे राहा." निवडणुकीत मतं मागायला आलेले एक गृहस्थ तर हात जोडून पुरे सात मिनिटं उभे होते. पुढे ते पडले. मला त्याचं नवल वाटलं नाही. इतकं सगळं ऐकून झाल्यावर आपण कशासाठी आलो तेच ते विसरून गेले होते.

मी कधी थांबलो नाही. माझं जे काही असेल ते मी बाहेरून, उंबरठ्यावर उभा राहून सांगायचो. आपल्या वयाच्या माणसाने शाळेतल्या पोरासारखं कोणाच्या दारात उभं राहायचं हे मला मान्य नाही.

मी मूळचा जासईकडचा. मिठागरातल्या घरचा, चौथी पास. विजेच्या खात्यात लाइनमन म्हणून चिकटलो आणि सगळी नोकरी खांबावर काढली. या तालुक्यात किती गावांत पहिला दिवा लागला तेव्हा खांबावर मी होतो, ते सांगत बसत नाही. रिटायर झाल्यावर पनवेलात तळ्यामागच्या आळीत घर घेतलं. रस्त्यावरून एक झाकलेला बोळ आत जातो. बोळात दोनच दारं आहेत. डावीकडचं माझं, उजवीकडचं लेल्याचं. बोळातला दिवा दोघांत एकच. त्या दिव्याचं पुढे येईल.

माझी बायको माघात गेली. साधा ताप आला आणि आठ दिवसांत गेली. मी हे लिहितोय ते लेल्याबद्दल, पण तिच्याशिवाय ते लिहिता येत नाही. कारण तिचा आणि लेल्याचा एक प्रकार मला तीन वर्षं कळला नव्हता. रोज दिवेलागणीला ती हातात वाटी घेऊन लेल्याकडे जायची. कधी वालाचं बिरडं, कधी भाकरी आणि खोबऱ्याची चटणी. वाटी द्यायला किती वेळ लागतो? ही अर्धा-पाऊण तास यायची नाही. माझ्या मनात भलतंसलतं काही नव्हतं, दोघांची साठी झालेली. पण मी घरात एकटा बसलेला, आणि ही तिथे काय करते, असा मला राग यायचा. विचारलं तर म्हणायची, "भावजी कायतरी सांगतात. बरं वाटतं ऐकायला." मी सांगितलेलं तिला कधी बरं वाटलं होतं असं मला आठवत नाही.

आता लेले.

लेले कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होता. म्हणजे प्रोफेसर शिकवतात आणि हा बेडूक फाडून दाखवतो. पोरं मास्तर म्हणायची, आळीही मास्तरच म्हणते. लग्न केलं नाही. का, तर म्हणे राहून गेलं, जसं कोणाचं छत्री आणायचं राहून जातं. नोकरी संपली, बेडूक सुटले आणि त्याने माशाचा डोळा धरला. त्याचं म्हणणं असं, की डोळ्यात उजेड शिरला की मागच्या पडद्यावर काय काय होतं ते जगाला पुरतं ठाऊक नाही. ठाऊक होईल ते पनवेलच्या मासळी बाजारातून होईल. खिडकीला कागद त्यासाठीच, त्या पडद्याला ऊन चालत नाही म्हणे.

हा कांदासुद्धा जपून खाणारा बामण सकाळी पिशवी घेऊन मासळी बाजारात. तिथे हिराबाई म्हणून एक कोळीण बसते, मोऱ्याहून येते, तोंडाची तिखट. याने पहिल्या दिवशी तिला विचारलं, जिताड्याचे नुसते डोळे मिळतील का. सकाळचे हवेत, उन्हात ठेवलेले नकोत. हिराबाई म्हणाली, "आमी डोळं इकत नाय मास्तर. मच्ची घे, डोळं तिच्याबरोबर येतात." याने अख्खा जिताडा घेतला, तिथेच डोळे काढून घेतले आणि मासा तिला परत दिला. हिराबाईने तो आंधळा जिताडा दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकला आणि दुसऱ्या दिवसापासून लेल्याला जागा झाडून देऊ लागली. पुढे तर त्याला लांबून बघितलं की ओरडायची, "चला, डोळंवालं आलं."

ते डोळे ठेवायचे कुठे? लेल्याकडे फ्रिज नाही. आमच्याकडे होता, मुलाने घेऊन दिलेला. मी नाही म्हणणार हे ठाऊक असल्यामुळे लेल्याने मला विचारलंच नाही, तिला विचारलं. ती हो म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या फ्रिजात ताकाच्या भांड्याशेजारी लेल्याच्या बाटल्या. बर्फाच्या खणात एक बोटाएवढी कुपी. ती मुंबईहून कोणी मित्राने दिलेली आणि म्हणे सोन्याहून महाग. तिच्यातलं औषध लावलं की ज्या पेशीत तो वायू तयार होतो तेवढीच पेशी निळी दिसते.

एका दुपारी मला गोड खावंसं वाटलं. ही घरात नव्हती. फ्रिजात पुढेच जामची बरणी, आत पाक आणि पाकात गोल गोल काहीतरी. मला वाटलं मोरावळा. चमचा घातला, वर काढला आणि चमच्यातून कोणीतरी माझ्याकडे बघितलं.

मी बरणी घेऊन लेल्याच्या दारात गेलो आणि आळीने ऐकावं असं बोललो. तो शांतपणे म्हणाला, "तात्या, डोळा गोठवायच्या आधी साखरेच्या पाण्यात ठेवावा लागतो. नाहीतर आत बर्फाचे काटे होतात आणि पडदा फाटतो. चमचा कोणता घातलात? धुतलेला होता ना?" म्हणजे त्याला काळजी माझ्या पोटाची नाही, माशाच्या डोळ्याची. मोरावळा मी तेव्हापासून सोडला तो सोडलाच.

वायूची गोष्ट मी एकदाच पुरी ऐकली, तीही लेल्याने सुरुवात हुशारीने केली म्हणून. म्हणाला, "तात्या, डोळ्याच्या पडद्यात तारा असतात." तारा म्हटल्यावर मी उंबरठ्यावर टेकलो. तो सांगत गेला. पडद्यात लाखो पेशी, एकीचा निरोप दुसरीला जातो तो ठरल्या वाटेने, तारेतून गेल्यासारखा. पण हा वायू वाट बघत नाही. उजेड पडला की पेशीत तो तिथल्या तिथे तयार होतो, सुटतो, आणि भिंतीतून आरपार शेजारणीकडे जातो. बोलावणं लागत नाही. दार लागत नाही. दोन-चार सेकंद जगतो आणि संपतो. साठवून ठेवता येत नाही, लागेल तेव्हा ताजाच करावा लागतो.

मी म्हटलं, "तार नाही, फ्यूज नाही, मीटर नाही, साठवण नाही. असली लाइन आमच्या खात्यात कोणी पास केली नसती."

"म्हणून तर इतकी वर्षं कोणाला सापडली नाही," लेले म्हणाला. वर असंही म्हणाला की खांबावर ठिणगी उडते तेव्हा हाच वायू होतो, आभाळात वीज पडते तेव्हा हाच, आणि एस्टीच्या धुरातही हाच. मी विचारलं, म्हणजे स्टँडवरचा धूर माझ्या डोळ्यात आहे का? तर म्हणे, "धूर नाही, वायू. तोही तुमचा स्वतःचा. अगदी कणभर." हा माझा अपमान आहे की कौतुक, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पण तो वायू सांगतो काय? हे मी विचारलं नव्हतं, माझ्या बायकोने विचारलं होतं. ती घरी येऊन मला सांगत बसली. पडद्यात म्हणे काही आडव्या पेशी आहेत. उजेड मंद असला की त्या एकमेकींचे हात धरून असतात, मिळेल तो उजेड सगळ्या मिळून वाटून घेतात. लख्ख ऊन आलं की हा वायू सुटतो आणि सांगतो, सोडा हात, आता जिने तिने आपलं आपलं बघा. तेव्हाच मग बारीक बारीक दिसतं. "भाताच्या आवणीला बाया रांगेत असतात ना, तशा," ती म्हणाली. मी म्हटलं, भाकरी करपली तुझी.

भाकऱ्या तेव्हा फार करपायला लागल्या होत्या. भाजीत मीठ दोनदा पडायचं. कपबशा फुटायच्या. संध्याकाळी तळ्यावर फिरायला चल म्हटलं तर नको म्हणायची, पाय दुखतात म्हणायची. दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायची. आणि मी म्हणायचो, "डोळे फुटले काय तुझे?" माझी बोलायची रीत अशीच आहे, खांबावरून खाली ओरडून ओरडून झालेली. ती खाली बसून तुकडे वेचायची.

तरी माझ्या परीने मी उपाय केला. एक दिवस ती बोळात ठेचकाळली आणि वाटी गडगडत रस्त्यापर्यंत गेली. मी म्हटलं, उजेड कमी पडतो. माणसाला दिसत नसेल तर दिवा मोठा करायचा, आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? बोळात साठचा बल्ब होता, तो काढून शंभरचा लावला. ती आणखी ठेचकाळली. मी दोनशेचा लावला. असा उजेड पडला की भिंतीवरची पाल सावलीसकट पळून गेली.

दुसऱ्या दिवशी बघतो तर बोळात पंधराचा बल्ब. माझा दोनशेचा वर्तमानपत्रात नीट गुंडाळून माझ्या दारात ठेवलेला.

लेल्याला विचारलं तर म्हणतो, "फार उजेड होतो तात्या. त्यातून घरात आलं की काही दिसत नाही." मी म्हटलं, तुम्हाला कमी दिसतं तर तुम्ही घरात दिवा लावा, बोळ माझाही आहे. तो "बरं" म्हणाला. मी दोनशेचा लावला. दुसऱ्या दिवशी परत पंधराचा, परत पुडकं दारात.

हे वर्षभर चाललं. मी लावायचो, तो काढायचा. तो स्टुलावर चढतो तेव्हा त्याचे पाय लटपटतात हे मी दाराच्या फटीतून बघितलंय. गरम बल्ब धोतराच्या सोग्यात धरून उतरायचा. एकदा हात भाजला, बोटांना हळद लावून हिंडत होता, पण दुसऱ्या दिवशी परत स्टुलावर. मी त्याला आळीसमोर काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चोर म्हणालो. अंधारातलं घुबड म्हणालो. मासे आंधळे करून पोट भरलं नाही म्हणून आता माणसं आंधळी करायला निघालाय, असंसुद्धा म्हणालो. तो ऐकून घ्यायचा, चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, "पंधराचा बरा असतो तात्या."

आणि माझी बायको त्याच्या बाजूची. मी दोनशेचा लावायला स्टूल काढलं की म्हणायची, "रावू द्या ना तो बारका. काय वाईट हाय?" घरच्या माणसाने असं केल्यावर बाहेरच्याला काय बोलायचं?

गेल्या वर्षी दसरा-दिवाळीच्या मधे लेले सकाळीच पेढे घेऊन दारात. वर्तमानपत्रात आलं होतं, त्या वायूवर काम केलेल्या परदेशातल्या शास्त्रज्ञांना जगातलं मोठं बक्षीस मिळालं. सगळ्या आळीत त्याने पेढे वाटले, जसं याच्याच घरात मूल झालं. हिराबाईला बाजारात नेऊन पेढा दिला. तिने विचारलं, "लगीन ठरलं का मास्तर?" संध्याकाळी त्याने ती बातमी शेवटपर्यंत वाचली आणि तोंड पाडून बसला. बक्षीस रक्ताच्या नळ्यांतल्या कामाबद्दल होतं. डोळ्याचं नाव नव्हतं. "हृदयाला सगळे विचारतात वहिनी," तो हिला म्हणाला, "डोळ्याला कोण विचारतो?" आता पेढे खाऊन झालेले, परत कसे देणार?

माघात ती गेली.

लेले स्मशानात आला, मागे उभा राहिला आणि गेला. तेरा दिवस रोज सकाळी माझ्या दारात दुधाची पिशवी ठेवत होता. मी तेराव्यानंतर उगीच काहीतरी करायचं म्हणून बोळात दोनशेचा बल्ब लावला. दुसऱ्या दिवशी बघितलं, बल्ब तसाच. आठवड्याने बघितलं, तसाच. महिना गेला. बोळ लग्नघरासारखा पेटलेला आणि कोणी हात लावत नाही. मला वाटलं, मी जिंकलो. वर्षभराचं भांडण जिंकलो आणि सांगायला घरात कोणी नाही.

चैतात एकदा भर दुपारी फ्रिज उघडला. ताकाचं भांडं नाही, बिरड्याचा टोप नाही, नुसत्या लेल्याच्या बाटल्या. घरात बायको नाही आणि माशाचे डोळे आहेत, हे माझ्याने बघवेना. सगळ्या बाटल्या एका टोपलीत भरल्या आणि आज सोक्षमोक्ष लावायचा म्हणून निघालो. तिचा विषयही काढायचा होता. ती तीन वर्षं रोज अर्धा तास तुमच्याकडे काय करत होती, हे आज विचारून घ्यायचं, मग हा माणूस मला नको.

आधी रस्त्यावर जाऊन भांडायला साक्षीदार मिळतो का ते बघितलं, पण उन्हात कुत्रंसुद्धा नव्हतं. तसाच तापलेल्या डोळ्यांनी बोळात शिरलो आणि लेल्याचं दार ढकललं.

"थांबा," तो आतून म्हणाला. "डोळे आत येऊ द्या तात्या."

मी म्हटलं, "खड्ड्यात गेले डोळे," आणि पहिल्यांदाच त्याच्या घरात तसाच पुढे गेलो.

समोर काळोख. डोळ्यापुढे हिरवे-जांभळे ठिपके. तिसऱ्या पावलाला पाय कशाला तरी लागला, टोपली हलली, मी तोल सावरायला भिंतीकडे हात टाकला आणि हातात दोर आला. कमरेच्या उंचीवर भिंतीने ताणलेला. मी तो धरून उभा राहिलो. हात थोडा सरकला आणि गाठ लागली.

ती माझी गाठ होती. दोन दोर जोडताना मी टोक उलटं वळवून आत घेतो, म्हणजे खांबावर ओढताना ते अडकत नाही. सबंध खात्यात ती गाठ फक्त मी मारायचो. खांबावर सामान वर घ्यायचा माझा जुना दोर, नोकरीतला, तीन वर्षांपूर्वी हरवलेला. भंगारवाल्याला दिलास म्हणून मी तिच्यावर दोन दिवस ओरडत होतो. डोळ्यांना अजून काही दिसत नव्हतं, हाताने ओळखलं.

"हा दोर माझा आहे," मी म्हटलं.

"हो."

"इथे कसा?"

 लेले म्हणाला, "वहिनींनी आणून दिला. खिळे किती उंचीवर मारायचे तेही त्यांनीच सांगितलं."

हळूहळू मला खोली दिसायला लागली. दोर दारापासून निघून भिंतीने एका खुर्चीपर्यंत गेला होता. खुर्चीवर आमच्याकडची जुनी गोधडी चौघडी करून ठेवलेली.

मग त्याने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ती एका संध्याकाळी वाटी घेऊन आली आणि दारात उभी राहिली. बसा म्हटलं तर हसली आणि तशीच उभी. दहा मिनिटं झाली तरी तिचे डोळे आत येईनात. हात पुढे करून चाचपत होती. याने सगळी हयात डोळ्यांत काढलेली, याला कळलं. हा तिला मुंबईला डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेला. मला तिने सांगितलं होतं, मोऱ्याला बहिणीकडे जाते. डॉक्टर म्हणाले, आधी रातांधळेपणा असेल, आता पडदा कडेकडून वाळत आलाय, समोरचं नळीतून बघितल्यासारखं तेवढं उरलंय. याला औषध नाही. लख्ख उजेडातून अंधारात आली की तिला अजिबात दिसायचं नाही. बोळातल्या माझ्या दोनशेच्या दिव्यातून ती घरात शिरायची ती आंधळी होऊनच शिरायची. पंधराचा असला की तिला चालता यायचं.

मी विचारलं, "आणि हे लोकांना दारात उभं करायचं?"

"एकट्या त्यांनाच थांबवलं असतं तर त्यांना लाज वाटली असती. आळीच्याही ध्यानात आलं असतं. म्हणून सगळ्यांनाच थांबवायला लागलो. मग वाटलं, नुसतं काय उभं करायचं, म्हणून वायूचं सांगायचो. त्यांना वाटायचं, आपण ऐकायला थांबलोय."

गॅसवाल्याचा खांदा माझ्या डोळ्यापुढे आला.

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनी शपथ घातली होती." लेले खाली बघून बोलत होता. "म्हणाल्या, त्यांना नका सांगू भावजी. जलमभर त्यांनी लोकांच्या घरात उजेड नेला. आपल्याच बायकोला दिसत नाय म्हटलं तर ते खांबावरून उतरायचे नाय."

मी टोपली खाली ठेवली. बाटल्या वाजल्या.

"माझ्या वायूचा त्यांना काही उपयोग झाला नाही तात्या," तो म्हणाला. "एवढं वाचलं, एवढे मासे आणले. वहिनींच्या कामाची एक ओळ सापडली नाही. रोज सांगायचो, सापडेल. त्या म्हणायच्या, तुमी सांगा, मी ऐकते. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही."

  "डोळे फुटले काय तुझे" हे मी किती वेळा म्हणालो असेन ते मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. घरी आलो. येताना बोळात स्टूल मांडलं, दोनशेचा बल्ब उतरवला आणि पंधराचा लावला. माझेही पाय आता लटपटतात हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी वाटी घेऊन लेल्याकडे गेलो. बिरडं मला येत नाही. वाल सोलायला तिचा हात लागतो. डाळ होती, तीही तळाला लागलेली. उंबरठा ओलांडला आणि त्याने काही म्हणायच्या आधीच थांबलो. एक हात दोरावर ठेवला.

"आले का डोळे?" आतून लेले म्हणाला.

"येतायत," मी म्हटलं. "तोवर तुमचं वायूचं काय ते सांगा. पहिल्यापासून."

आणि तो मेला माणूस सव्वा तास बोलत होता.